एक बॅरल, पाच लॉट: ५० मीटर प्रोनच्या एका अडलेल्या स्कोअरचं प्रकरण

कोल्हापूरच्या एका शूटिंग क्लबमधली सतरा वर्षांची मुलगी. प्रकार ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून पॉइंट टू-टू रायफलने ६० शॉट्स. बऱ्याच दिवसांपासून तिचा स्कोअर दशांश गुणांत ६०७च्या आसपास अडकून बसला होता. राज्याच्या संघात यायचं तर अजून पाच-सात गुण हवे होते. जो तो आपापलं निदान सांगत होता: श्वासावर लक्ष नाही, डावं कोपर सरकतं, ट्रिगर घाईत दाबते, स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) सैल आहे. कोल्हापुरात सल्ल्याला तोटा नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला याच प्रोनमध्ये, तेव्हाच्या दशांश नसलेल्या पद्धतीने, ६००पैकी ५९७ गुण करून जागतिक अजिंक्यपद मिळवलं आणि स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. त्यामुळे प्रोनबद्दल इथे चहाच्या टपरीवरसुद्धा जाणकार भेटतात.

मी या क्लबमध्ये मुलांच्या नोंदी आणि उपकरणं बघतो. तिची पोझिशन मला बरी वाटत होती. खटकत होती ती कॉल आणि निकाल यांच्यातली तफावत.

ट्रिगर सुटतो त्या क्षणी नेम धरायची साइट नेमकी कुठे होती, हे स्क्रीनकडे न बघता सांगायचं, त्याला शूटर ‘कॉल’ म्हणतात. ‘मधे’, ‘तीन वाजता जरा बाहेर’, ‘सहा वाजता लागला असणार’ असं. चांगल्या शूटरचा कॉल सहसा चुकत नाही. या मुलीचा आडवा कॉल जवळजवळ दरवेळी बरोबर यायचा. डावीकडे म्हणाली की शॉट डावीकडेच. उभ्या दिशेला मात्र तिचं आणि टार्गेटचं जमत नव्हतं. ‘मधे’ म्हणायची आणि स्क्रीनवर ९.७, सरळ खाली. पुढचा ‘मधे’, तो १०.१, वर. श्वास अर्धवट धरला तरी शॉट वर-खाली होतात हे खरं, पण तसं झालं तर शूटरला साइट वर-खाली जाताना दिसते आणि कॉलही तसाच येतो. इथे साइट जागच्या जागी होती आणि गोळी वेगळीकडे जात होती. मग संशय रायफलवर किंवा काडतुसांवर घ्यायला हवा. रायफलचे बेडिंग स्क्रू, साइटची पकड, बॅरलचं (नळीचं) तोंड सगळं तपासून झालं. त्यात काही सापडलं नाही. उरली काडतुसं.

ती वापरत होती तो लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेल्या काडतुसांची खेप, साधासुधा नव्हता. नामांकित कंपनीची सगळ्यात वरची श्रेणी, डबाही महागडा. तिचे वडील शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतात. त्यांनी ओव्हरटाइम करून त्याचे डबे घेऊन ठेवले होते. त्यामुळे ‘काडतुसात दोष असेल’ हे वाक्य त्यांच्यासमोर काढणं मला जड जात होतं. पण त्यांनीच ते सोपं केलं. म्हणाले, ‘‘सर, एकाच भट्टीतलं कास्टिंग असलं तरी प्रत्येक हीटचा माल येगळा येतोय. ह्ये पण तसंच असंल की.’’

अगदी तसंच आहे. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, एकाच किमतीचं काडतूस लॉटनुसार बदलतं. म्हणूनच एली कंपनीची बर्मिंगहॅमला आणि लापुआची जर्मनीत शोनेबेकला खास टेस्ट रेंज आहे. शूटर तिथे आपली रायफल घेऊन जातात, ती क्लॅम्पमध्ये बसवून एकेका लॉटचे ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या शॉट्सचे झुबके) काढले जातात आणि त्या बॅरलला जो लॉट मानवेल तोच विकत घेतला जातो. जगातले वरचे शूटर हे नेमाने करतात. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना जर्मनी गाठणं शक्य नाही. पण क्लॅम्प बनवणं उद्यमनगराला अशक्य नाही.

कारण नीट समजावं म्हणून इथे थोडं आकड्यांत शिरतो.

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मि.मी. आणि गोळीचा ५.६ मि.मी. गोळीची कड रेषेला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मि.मी.च्या आत पडलं की दहा. २०१३पासून प्रोनमध्ये दशांश गुण धरतात आणि प्रत्येक दशांश ०.८ मि.मी.चा असतो. केंद्राच्या ०.८ मि.मी.च्या आत पडला तर १०.९, त्याबाहेर १०.८, असं करत ८ मि.मी.ला १०.०. गोळी सरासरी एक मिलिमीटर बाहेर सरकली की ६० शॉट्समध्ये साडेसात गुण जातात. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जॉयदीप कर्माकार याच प्रकारात चौथा आला. कांस्य १.९ गुणांनी हुकलं. या खेळात मिलिमीटरच्या अंशाला किती किंमत आहे ते एवढ्यावरून कळावं.

आता वेग. पॉइंट टू-टूची मॅच काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, साधारण ३३० मीटर प्रति सेकंद. टार्गेटपर्यंत पोहोचायला सेकंदाचा जेमतेम सहावा भाग लागतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने गोळी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. एखादी गोळी १० मीटर प्रति सेकंद हळू निघाली तर ती त्याहून सात-साडेसात मिलिमीटर जास्त खाली पडते. शूटरने काहीही चूक न करता दहाचा नऊ होऊ शकतो, आणि तो नेहमी उभ्या दिशेलाच होतो. मुलीचे फसलेले कॉल उभ्या दिशेला का होते, याचा पहिला धागा इथे मिळाला.

वेग बदलतो कशामुळे? या काडतुसातली दारू एका ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. प्रायमरचं, म्हणजे दारू पेटवणारं, मिश्रण ओलं असताना केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) टाकून, ती गरगर फिरवून रिमच्या, म्हणजे बुडाच्या कडेच्या, पोकळ घडीत पसरवतात. इतक्या थोड्या दारूच्या मानाने प्रायमरचा वाटा मोठा ठरतो. तो रिममध्ये कमी-जास्त पसरला, शिशाच्या गोळीवरची केसची पकड कमी-जास्त झाली, वंगणाचा थर बदलला, की वेग बदलला.

अमेरिकेत सेंटरफायर (प्रायमर काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी असतो अशा) रायफलचे हौशी शूटर यावर स्वतःचा उपाय करतात. काडतूस स्वतः भरायचं, दारू स्वतः तोलायची, गोळी स्वतः बसवायची आणि रेंजवर जाऊन सातत्य तपासायचं. याला हँडलोडिंग म्हणतात. आपल्याला तो रस्ता दोन बाजूंनी बंद आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, हे एक. दुसरं म्हणजे आपलं रिमफायरचं काडतूस जातीनेच पुन्हा भरण्यासारखं नसतं. प्रायमर रिममध्ये असतो आणि ती रिम फायरिंग पिनने एकदा चेपली की संपली. कारखान्याने जे भरलं त्यातून निवडणं एवढंच आपल्या हाती राहतं. हँडलोडरकडून उचलावी अशी गोष्ट मात्र एक आहे, ती म्हणजे तपासण्याची शिस्त. तिचीच इथे गरज होती.

क्लबच्या स्टोअरमध्ये परवान्यावर आलेले पाच लॉट होते. मुलगी वापरत होती तो ‘क’. त्याच श्रेणीचे आणखी तीन, ‘ख’, ‘ग’ आणि ‘घ’. पाचवा ‘च’, ‘घ’च्याच कंपनीचा, पण मधल्या श्रेणीचा आणि बराच स्वस्त. क्लॅम्प तयार होण्याआधी वडिलांनी मुलीला प्रत्येक लॉटचे पाच-पाच शॉट मारायला लावले होते. त्यात ‘ख’चा ग्रुप ९ मि.मी.चा आला. कागद खिशात घालून ते मला दाखवायला आले. ‘‘सर, ह्यो लॉट लय भारी हाय बघा. ह्योच घेऊ.’’

त्यांना थांबवलं. पाच शॉट्सवरून लॉट ठरवता येत नाही, आणि हे मत नाही, गणित आहे. पाच मोजमापांवरून विचलन (मोजमापं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचं माप) काढलं तर खरं विचलन त्याच्या ०.६ पटीपासून जवळजवळ २.९ पटीपर्यंत कुठेही असू शकतं. दहा शॉट्सना ही मर्यादा ०.७ ते १.८ पट होते, तिसांना ०.८ ते १.३ पट. शिवाय ग्रुपचा व्यास दोनच शॉट्स ठरवतात, एकमेकांपासून सगळ्यात लांब पडलेले. बाकीच्या तिघांनी काय सांगितलं ते वाया जातं. पाच शॉट्सचा छोटा ग्रुप कुठल्याही लॉटला कधी ना कधी पडतोच आणि आपण नेमका तोच कागद जपून ठेवतो. शूटिंगमध्ये पैसे आणि महिने सगळ्यात जास्त या एका सवयीपायी वाया जातात, असं माझं ठाम मत आहे.

क्लॅम्पचं काम वडिलांनी अंगावर घेतलं. बॅरल-अॅक्शन (नळी आणि गोळी झाडायची यंत्रणा) स्टॉकमधून, म्हणजे दस्त्यातून, काढून पकडायची होती. त्यांनी पोलादी जबडे तासले, आतून तांब्याचे पत्रे बसवले, चारही बोल्टना टॉर्क रेंचने सारखाच ताण दिला आणि सगळं काँक्रीटमध्ये गाडलेल्या पायावर आवळलं. बॅरल शेवटपर्यंत मोकळं ठेवलं. पकड त्याच्यावर आली तर त्याचं कंपन बदलतं आणि मग आपण भलत्याच बॅरलची चाचणी घेत बसतो. क्लॅम्प ढळतो का, हे पाहायला पहिल्याच दिवशी त्यांनी जबड्यावर डायल लावून शॉटनंतर काटा मूळ जागी येतो का ते तपासलं. तो येत होता. शॉट होताना काटा उडायचा आणि थरथरत पुन्हा शून्यावर टेकायचा. ते बघताना त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान वेगळंच होतं. इतके दिवस ते मुलीच्या खेळाकडे बाहेरून बघत होते, आता तो त्यांच्या हातात आला होता.

चाचणी रेंज ऑफिसरसमोर, सकाळी वारा पडलेला असताना झाली. झेंड्या हलल्या की थांबायचं. लॉट बदलला की पहिले वीस शॉट मोजायचे नाहीत, कारण प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं असतं आणि बॅरलच्या आतला थर नव्या वंगणाचा व्हायला वेळ लागतो. ही पायरी गाळली तर आपण ‘ख’ला ‘क’च्या वंगणावर तपासतो आणि ‘ख’च्या नावाने भलताच निकाल लिहितो. प्रत्येक लॉटचे चाळीस शॉट, दहा-दहाच्या चार ग्रुपमध्ये. आणि क्रम! पहिल्या फेरीत क, ख, ग, घ, च आणि दुसरीत उलट, च, घ, ग, ख, क. पुन्हा तसंच. सकाळ चढते, ऊन तापतं, बॅरल गरम होतं. शेवटी येणाऱ्या लॉटलाच ते दरवेळी सोसायला लागलं तर निकालावर भरवसा कसा ठेवायचा?

मोजायला ग्रुपचा व्यास धरला नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक शॉटचं आडवं आणि उभं अंतर देतं. त्यावरून प्रत्येक लॉटचं केंद्र काढलं, मग प्रत्येक शॉट त्या केंद्रापासून सरासरी किती लांब, म्हणजे सरासरी त्रिज्या, आणि आडवं-उभं विचलन वेगवेगळं.

‘क’ची सरासरी त्रिज्या आली ५.० मि.मी. आडवं विचलन ३.२, उभं ४.६. रायफल लोखंडात आवळलेली, शूटर नाही, श्वास नाही, कोपर नाही, तरी ग्रुप उभा लांबट. मुलगी माझ्या शेजारी उभी राहून स्क्रीन बघत होती. काही न बोलता तिने आपल्या जुन्या प्रिंटआउटमधला एक कागद काढून स्क्रीनशेजारी धरला. आकार तोच. किती महिने या मुलीला ‘श्वासावर लक्ष दे’ सांगितलं गेलं होतं!

‘ख’, वडिलांचा लाडका. चार ग्रुपपैकी एक ९.४ मि.मी.चा, संपूर्ण चाचणीतला सगळ्यात छोटा. दुसरा मात्र १७.८चा. सरासरी त्रिज्या ४.५, पाचांत चौथा. ‘ग’ ४.४, त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ‘घ’ ३.८ आणि उभं-आडवं जवळजवळ सारखं, ३.२ आणि २.८. स्वस्तातला ‘च’ ४.१, म्हणजे वरच्या श्रेणीच्या तीन लॉटना मागे टाकून दुसरा.

घाईने निकाल लिहिला नाही. चाळीस शॉट्सवरून काढलेल्या या आकड्यांत पंधरा टक्क्यांची ढिलाई दोन्ही बाजूंना धरावीच लागते. ‘क’ आणि ‘घ’मधला फरक त्याच्याबाहेरचा आहे, तो खरा मानायला हरकत नाही. ‘घ’ आणि ‘च’मधला फरक त्याच्या आतला आहे. त्या दोघांचे आणखी चाळीस-चाळीस शॉट घेतले. एकत्र आकडे तेच राहिले, ३.८ आणि ४.१. ‘घ’ बहुधा सरस आहे, पण छातीठोक सांगण्याइतका पुरावा या शॉट्सनीही दिला नाही. आणखी मारत बसलो असतो तर ज्याची निवड करायची तोच लॉट निवडीत संपला असता. कुठे थांबायचं हाही चाचणीचाच भाग आहे.

एका परिचिताकडून क्रोनोग्राफ मिळाला, त्यावर वेग मोजला. ‘क’च्या वेगाचं विचलन ४.५ मीटर प्रति सेकंद, ‘घ’चं २.२. वरच्या हिशोबाने ४.५चं विचलन ५० मीटरवर सव्वातीन-साडेतीन मिलिमीटरचं उभं विचलन देतं. ‘क’चं आडवं ३.२, त्यात हे मिळवलं की ४.६ येतं. मिळवायचं ते साधी बेरीज करून नाही, वर्गांची बेरीज करून. आकडा जुळला तेव्हा वडिलांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा गुणाकार करून पाहिला.

त्यांना एक शंका होती. रिमची जाडी कमी-जास्त असेल तर काडतूस चेंबरमध्ये कमी-जास्त खोल बसतं आणि फायरिंग पिनचा घाव बदलतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मायक्रोमीटरसाठी त्यांनी एक छोटं बुश बनवलं आणि ‘क’ची काडतुसं रिमनुसार वेगळी काढली. तसं करणारे शूटर बरेच आहेत. एकाच जाडीच्या रिमचे ग्रुप क्लॅम्पवर काढले. उभी लांबी जराही घटली नाही. निदान या लॉटपुरतं तरी दुखणं रिममध्ये नव्हतं. त्यांची मेहनत वाया गेली असं मला मुळीच वाटत नाही. एक शक्यता पुराव्यानिशी बाजूला पडली.

मग मुलीकडे परत आलो, कारण क्लॅम्प काही स्पर्धेत उतरत नाही. क्लॅम्पमध्ये रायफल मागे हटत नाही, खांद्यावर हटते. बॅरल वर उसळताना हळू गोळी थोडी उशिरा बाहेर पडते आणि त्या क्षणी तोंड थोडं वर असेल तर तिचं जास्त खाली पडणं काही अंशी भरून निघतं. हे भरून निघणं क्लॅम्पमध्ये आणि खांद्यावर सारखं असेलच असं नाही. म्हणून शेवटची परीक्षा आंधळी घेतली. वडिलांनी ब्लॉकमध्ये (काडतुसं उभी ठेवायच्या ठोकळ्यात) काडतुसं भरली, कुठला लॉट ते तिला आणि मलाही सांगितलं नाही. एका दिवशी एक लॉट, दुसऱ्या दिवशी दुसरा, आधी बॅरल मुरवून घेऊन पूर्ण ६० शॉट, मॅचच्या वेळेत.

त्याआधी मी अंदाज लिहून ठेवला होता. ‘क’वर तिचा स्कोअर ६०७, म्हणजे सगळं मिळून तिचं विचलन दर अक्षाला सुमारे ५.३ मि.मी. त्यात ‘क’चा वाटा दोन्ही अक्ष मिळून सरासरी ४.०. वर्ग वजा केले की उरतं ३.५, ते तिचं स्वतःचं. त्याच ३.५मध्ये ‘घ’चं ३.० मिळवलं तर एकूण ४.६ आणि स्कोअर ६१३च्या आसपास यायला हवा. मुलगी तीच, पोझिशन तीच, सहा गुण जास्त.

निकाल आले ६०६.४ आणि ६१२.१. वडिलांनी ब्लॉकवरची चिठ्ठी उघडली. पहिला ‘क’, दुसरा ‘घ’. एवढ्यावर लगेच जल्लोष करू नये. या दर्जाच्या शूटरचा ६० शॉट्सचा स्कोअर नुसत्या योगायोगानेही तीनेक गुण इकडेतिकडे होतो, त्यामुळे फक्त या दोन आकड्यांवर मी काही ठरवलं नसतं. पण क्लॅम्प, क्रोनोग्राफ आणि आंधळी परीक्षा तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होती. मला मात्र आकड्यांपेक्षा कॉलची वही महत्त्वाची वाटली. दुसऱ्या दिवशी तिचे उभे कॉल जुळायला लागले होते. ‘मधे’ म्हणाली आणि १०.६. ‘खाली’ म्हणाली आणि खरंच खाली. शॉट संपल्यावर ती म्हणाली, ‘‘सर, आता मला माझी चूक दिसते.’’ सहा गुणांपेक्षा हे मोठं होतं. काडतूस खोटं बोलत असेल तर मुलांना आपली खरी चूक कळतच नाही आणि नसलेली चूक सुधारण्याच्या नादात चांगली पोझिशन मोडून बसतात.

निर्णय घेताना साठ्याकडेही बघावं लागलं. ‘घ’ स्टोअरमध्ये थोडाच उरला होता, ‘च’ भरपूर होता. हिशोबाने ‘च’ने ‘घ’पेक्षा दीड-दोन गुण कमी मिळतील, तेही फरक खरा धरला तर. दोन्ही एकाच कंपनीचे, वंगण तेच, त्यामुळे एकावरून दुसऱ्यावर जाताना बॅरल नव्याने मुरवायला लागत नाही. ग्रुपच्या केंद्रात चारेक मिलिमीटरचा फरक होता, तो साइटच्या मोजक्या क्लिकांत भागतो. म्हणून सरावाला ‘च’ आणि स्पर्धेला ‘घ’ असं ठरलं, आणि स्पर्धेआधीचे दोन सराव ‘घ’वर. ‘घ’चे उरलेले सगळे डबे त्याच दिवशी तिच्या नावावर बाजूला काढले. लॉट एकदा संपला की त्याच नावाचा दुसरा डबा म्हणजे दुसरंच काडतूस, हे वडिलांना आता वेगळं सांगावं लागत नव्हतं.

प्रश्न ‘क’च्या महागड्या डब्यांचा होता. ते टाकाऊ आहेत असं कुणी म्हणू नये, कारण ते तसे नव्हतेच. क्लबमधल्या एका मुलाची रायफल वेगळ्या बनावटीची. ती त्याच क्लॅम्पमध्ये घालून ‘क’चे चाळीस शॉट मारले तर सरासरी त्रिज्या ४.० आली आणि उभी लांबीही जवळजवळ गेली. वेगाचं विचलन तेच असणार, पण त्या बॅरलची उसळी बहुधा ते सांभाळून घेत होती. काडतूस चांगलं की वाईट हा प्रश्न बॅरलचं नाव घेतल्याशिवाय विचारताच येत नाही. तो मुलगा ‘च’ वापरत होता. क्लबच्या नोंदवहीत रीतसर नोंद करून दोघांच्या साठ्याची अदलाबदल झाली आणि कुणाचाही पैसा बुडाला नाही.

आता एक काम उरलं आहे. राष्ट्रीय स्पर्धा बऱ्याचदा हिवाळ्यात दिल्ली किंवा भोपाळला असतात. कोल्हापुरात २८ अंशांना आवाजाचा वेग ३४८ मीटर प्रति सेकंदाच्या घरात असतो, दिल्लीच्या ८ अंशांच्या सकाळी तो ३३६वर उतरतो. त्या वेगाच्या फार जवळून निघालेली गोळी अस्थिर होऊ शकते. ‘घ’चा सरासरी वेग ३२७ आहे आणि थंडीत दारूही जरा मंद जळते, म्हणून अडचण येऊ नये. पण थंडीत ‘घ’चं वेगाचं विचलन वाढतं का, हे क्रोनोग्राफच सांगेल. डिसेंबरमध्ये पहाटेची वेळ बघून वीस शॉट त्यासाठी राखून ठेवले आहेत, आणि क्लॅम्पचे जबडे वडिलांनी तेल लावून रेंजवरच ठेवलेत. क्लबमधल्या बाकीच्या रायफलींचीही रांग लागली आहे.